ब्रीच प्लगमधली काजळी: पाण्याने जाणारी आणि खरवडूनच निघणारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बंदूक ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू भरायची, आणि इनलाइन पद्धतीची, म्हणजे प्राइमर नळीच्या सरळ रेषेत मागे बसणारी. बार पेटवण्यासाठी २०९ प्राइमर, म्हणजे आघाताने पेटणारी छोटी धातूची डबी. प्रत्येक वापरानंतर ब्रीच प्लग (नळीचे मागचे टोक बंद करणारे आट्यांचे बूच) काढून साबणाच्या गरम पाण्यात भिजवला जातो, ब्रशने घासला जातो, आणि त्याचे आटे व दारूकडचे तोंड अगदी स्वच्छ दिसते. तरीही अलीकडे प्राइमर फुटल्यानंतर बार क्षणभर उशिरा उडतो आणि बोल्ट, म्हणजे प्राइमरमागे बंद होणारा दांडा, शेवटच्या टप्प्यात जड लागतो. आता अधिक कडक द्रावण वापरावे, की ड्रिल बिटने आतून साफ करावे, आणि तसे केल्यास प्लग बिघडेल का?

द्रावण बदलून हा दोष जाणार नाही. ड्रिल बिट अवश्य वापरावे, मात्र ते हाताने फिरवावे, योग्य मापाचे असावे आणि फक्त फ्लॅश चॅनेलमध्ये, म्हणजे प्राइमरची आग दारूकडे नेणाऱ्या प्लगमधल्या मार्गात, घालावे. चॅनेलच्या टोकाला दारूकडे उघडणारे जे अत्यंत बारीक छिद्र असते, म्हणजे काना, त्यात ते कधीही जाऊ देऊ नये. ब्रीच प्लगच्या सफाईत होणारे बहुतेक कायमचे नुकसान या एका मर्यादेचे भान न राहिल्याने होते, म्हणून पुढचे सगळे विवेचन तिच्याभोवतीच आहे.

आपण ज्याला सरसकट काजळी म्हणतो ती एका प्रकारची नसते. काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते, आणि ती जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन स्वरूपात मागे राहतो. त्यात मुख्यत्वे पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, म्हणून बंदूक तशीच ठेवली तर गंज चढतो. पण ते पाण्यात विरघळतात, म्हणून पाण्यासारखे दुसरे औषध त्यावर नाही. गरम पाणी घेण्यालाही कारण आहे. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ११ ग्रॅम पोटॅशियम सल्फेट विरघळते, तर उकळत्या पाण्यात सुमारे २४ ग्रॅम. काळी दारू वापरलेला प्लग गरम पाण्यात टाकताच कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो, तो या सल्फाइडमुळे. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात तो वास येईनासा झाला की क्षार बहुतांशी निघाले असे समजायला हरकत नाही. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूत पोटॅशियम पर्क्लोरेट असते आणि तिच्या अवशेषात पोटॅशियम क्लोराइड उरते. तेही पाण्यातच विरघळते, पण गंजाच्या दृष्टीने अधिक घातक असते. तिथे सफाई दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

दुसरा प्रकार म्हणजे नायट्रोसेल्युलोजवर आधारलेल्या ब्लॅकहॉर्न २०९ सारख्या पर्यायी दारूचा अवशेष. त्याच्यावर पाण्याचा उपयोग होत नाही. तिथे बंदुकीच्या नळीसाठी मिळणारे तेलकट सॉल्व्हंटच हवे. (ही दारू ठासणीच्या बंदुकीसाठी मुद्दाम बनवलेली आहे. तिच्यावरून काडतुसातली साधी धूरविरहित दारू आपल्या बंदुकीत चालेल असा अर्थ कोणीही काढू नये. त्या दाबाने नळी फुटू शकते.)

तिसरा प्रकार आपल्या तक्रारीचे खरे मूळ आहे. प्राइमरमधल्या मिश्रणात साधारणपणे लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड असते. प्रत्येक वेळी प्राइमर फुटला की त्याचा अवशेष चॅनेलच्या भिंतीवर बसतो. पाठोपाठ नळीतला दाब कान्यातून थोडा तप्त वायू मागे ढकलतो, आणि तोही तिथेच निवतो. पुढच्या बाराला हा थर पुन्हा भाजला जातो आणि त्यावर नवा थर चढतो. काही बारांतच त्याचे भांड्याच्या तळाला लागलेल्या खरपुडीसारखे कठीण कवच होते. यातला शुद्ध कार्बन पाण्यात, रॉकेलमध्ये किंवा कोणत्याही घरगुती सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही. चांगली द्रावणे त्या थराला भिजवून त्याची पकड सैल करतात, आणि त्यांच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी. रात्रभर भिजवूनही आतला थर निघाला नाही म्हणून अनेकजण एकामागून एक तीव्र रसायने आणत जातात. त्यांची मेहनत प्रामाणिक असते, पण ती चुकीच्या जागी पडते.

या थराचा परिणाम किती होतो ते आकड्यांत पाहावे. चॅनेलचा व्यास ३.२ मिलिमीटर असेल आणि भिंतीवर सगळीकडून फक्त ०.४ मिलिमीटर थर बसला असेल, तर मोकळा व्यास २.४ मिलिमीटर उरतो, म्हणजे आगीला जायला मूळ क्षेत्रफळाच्या ५६ टक्केच जागा राहते. शिवाय ती भिंत आता खडबडीत असते. बार उशिरा उडण्याचे कारण बहुधा हेच. आणि बोल्ट जड लागण्याचे कारणही त्याच अवशेषात आहे: प्राइमर ज्या खोबणीत बसतो तिच्या काठावर काळे कडे साचले की प्राइमर पूर्ण आत जात नाही. अशा वेळी बोल्ट जोराने दाबून बंद करू नये. प्राइमर दाबाला संवेदनशील असतो, आणि जोर लावण्याची गरज भासणे हीच सफाईची सूचना समजावी. बार उशिरा उडत असेल तर आणखी एक पथ्य पाळावे: प्राइमर फुटला आणि बार उडाला नाही, तर नळीचे तोंड निदान एक मिनिट लक्ष्याच्या दिशेनेच ठेवावे.

आता प्रत्यक्ष कृती. प्लगला हात लावण्यापूर्वी प्राइमर काढलेला आहे आणि नळी रिकामी आहे, याची खात्री ठासणीचा गज आत घालून करावी. रिकाम्या नळीत गज कुठपर्यंत जातो याची खूण गजावर कायमची करून ठेवलेली असावी. ती खूण नळीच्या तोंडाशी आली नाही, तर आत काहीतरी आहे. ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. म्हणून हा तपास दर वेळी करावा, बंदूक स्वतःच्याच हाताने रिकामी केलेली असली तरीही.

प्लग काढल्यावर रबरी ओ-रिंग असेल तर ती आधी बाजूला ठेवावी, कारण सॉल्व्हंटमध्ये ती फुगते किंवा कडक होते. नंतर दारू ज्या जातीची असेल त्याप्रमाणे प्लग गरम पाण्यात किंवा सॉल्व्हंटमध्ये पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, आणि दारूकडचे तोंड, त्याची कड व आटे नायलॉनच्या ब्रशने स्वच्छ करावेत. तोंडावरचा थर चिवट असेल तर पितळी ब्रश चालतो. पोलादी तारांचा ब्रश मी या कामाला वापरत नाही, कारण तोंडाची कड आणि नळीतली बैठक एकमेकांवर बसूनच वायू अडवतात. त्या कडेवर पडलेल्या चरांतून पुढे वायू आट्यांत शिरतो. इथवरचे काम आपण करतच आहात आणि ते योग्यच आहे.

आता चॅनेल. अनेक इनलाइन प्लगना १/८ इंचाचे, म्हणजे ३.१७५ मिलिमीटरचे बिट बसते. पण सगळ्यांचे माप तेच असते असे नाही, म्हणून उत्पादकाने दिलेले माप पाहावे. ते हाताशी नसेल तर बिटाचा मागचा गुळगुळीत दांडा नव्या किंवा पूर्ण स्वच्छ प्लगमध्ये घालून पाहावा. जो दांडा अडखळता न जाता, पण न डुलता सरकतो, ते माप आपले. दोन मापांमध्ये शंका असेल तर लहान घ्यावे. मोठे बिट काजळीबरोबर भिंतीचे पोलादही कापते. लहान बिट थोडा थर मागे ठेवते, आणि तो ब्रशने काढता येतो.

त्यानंतर बिट किती खोल जायला हवे हे ठरवून त्यावर चिकटपट्टीची खूण करावी. चॅनेल जिथे संपतो तिथे काना सुरू होतो, आणि बिटाचे टोक त्या संगमावर आपटत राहिले तर कान्याच्या मागच्या कडेला उतार पडतो. खोली मोजायला साधी बोथट काडी पुरते: ती तळाला टेकेपर्यंत घालावी, प्लगच्या काठाशी तिला नखाने धरावे आणि तेवढी लांबी बिटावर उतरवून घ्यावी. आत थर साचलेला असताना ही खोली किंचित कमी भरते. तो फरक आपल्याच बाजूचा आहे.

बिट यंत्रात लावू नये, मंद गतीच्या यंत्रातही नाही. हातमुठीत किंवा लहान पकडीत धरून, प्लग दुसऱ्या हाताच्या चिमटीत ठेवून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जवळजवळ बोटांच्या वजनाने फिरवावे. सुरुवातीला बारीक करकर ऐकू येते आणि हाताला वाळू चाळल्यासारखे लागते. थर निघत गेला की आवाज कमी होतो आणि बिट गुळगुळीत फिरू लागते. एक-दोन वेढ्यांनंतर ते बाहेर काढून त्याच्या खाचा पुसाव्यात, नाहीतर सुटलेली काजळी त्याच खाचांतून परत भिंतीवर दाबली जाते. चॅनेल कोरडा खरवडू नये. त्यात सॉल्व्हंटचे दोन थेंब असावेत, म्हणजे भुकटी उडत नाही. त्या भुकटीत शिसे, बेरियम आणि अँटिमनी असतात. हातमोजे घालावेत, तोंडाने फुंकर मारू नये, हवेच्या दाबाने उडवू नये, स्वयंपाकाचे भांडे या कामाला घेऊ नये आणि नंतर हात साबणाने नीट धुवावेत.

कधी थांबायचे, याचे उत्तर निघालेल्या काजळीतच सापडते. ती पांढऱ्या कागदावर पुसून घ्यावी. निव्वळ काळी, भुरभुरीत भुकटी असेल तर काम बरोबर चालले आहे. तिच्यात चमकणारे बारीक कण दिसू लागले की पोलाद निघू लागले. प्लग चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचा असेल, आणि पुष्कळ प्लग तसे असतात, तर कागदाखालून चुंबक फिरवल्यावर ते कण हलतात. काजळी हलत नाही. कण हलले की बिट ताबडतोब बाजूला ठेवावे. शेवटी त्या मापाचा लहान नायलॉनचा किंवा पितळी ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून चॅनेलमधून फिरवावा आणि पाइप क्लीनरने पुसून घ्यावे. पाइप क्लीनरवर फक्त फिकट करडा डाग येईपर्यंत हे करावे. चॅनेल आरशासारखा चकाकण्याची गरज नाही.

कान्याचा प्रश्न निराळा आहे. त्याचा व्यास नव्या प्लगमध्ये साधारण ०.०२८ ते ०.०३२ इंच असतो, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास. तो तप्त वायूने आपोआपच झिजत असतो; आपण त्यात भर घालायची नाही. ०.०३० इंचाचा काना ०.०४० इंच झाला तर आकड्यात फरक लहान दिसतो, पण क्षेत्रफळ ७८ टक्क्यांनी वाढते, आणि तेवढ्या प्रमाणात अधिक वायू मागे प्राइमरकडे येतो. मग प्राइमरची खोबण लवकर काळी होते, बोल्टच्या तोंडावर काजळी चढते, प्राइमर अडकू लागतात, आणि दोन बारांच्या वेगातला फरकही वाढतो. वेल्डिंगच्या नोझलसाठी मिळणाऱ्या दातेरी तारा कान्यात घालण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. माझे मत स्पष्टपणे त्याच्या विरोधात आहे, कारण त्या तारा म्हणजे बारीक कानशी असतात आणि प्रत्येक खेपेस थोडे पोलाद घेऊनच बाहेर येतात. कान्यासाठी मऊ तांब्याच्या विजेच्या वायरमधली एक तार पुरते. भिजवलेल्या प्लगमध्ये ती दारूच्या बाजूने घालावी, म्हणजे सुटलेला कण रुंद चॅनेलकडे पडतो. तार जात नसेल तर जोर न लावता प्लग पुन्हा भिजत टाकावा.

नंतर प्लग उजेडासमोर धरून भिंगातून पाहावे. काना गोल आणि काठाने स्पष्ट दिसला पाहिजे. लंबगोल दिसला, किंवा एका बाजूला जीभ काढल्यासारखा चर दिसला, तर ती झीज आहे आणि कोणत्याही सफाईने ती भरून येणार नाही. मापासाठी क्रमांकाची बिटे फक्त गेज म्हणून वापरता येतात, आणि तीही दांड्याकडून: क्रमांक ६८ म्हणजे ०.०३१ इंच, क्रमांक ६५ म्हणजे ०.०३५ इंच आणि क्रमांक ६० म्हणजे ०.०४० इंच. उत्पादकाने मर्यादा दिली असेल तर तीच मानावी. दिलेली नसेल तर ०.०३५ इंचाचा दांडा सहज जाऊ लागला की मी नवा प्लग मागवतो, आणि ०.०४० इंचाचा जात असेल तर तो प्लग पुन्हा बंदुकीत बसवत नाही. काही प्लगमध्ये काना असलेला लहान स्क्रू वेगळा बदलता येतो. तशी सोय असेल तर खर्चही वाचतो आणि मनही निःशंक राहते.

अल्ट्रासॉनिक यंत्र असेल तर ते भिजवण्याच्या पायरीला उत्तम आहे. पाण्यात मिसळणारे डिटर्जंट, ५० ते ६० अंश सेल्सिअस तापमान आणि पंधरा-वीस मिनिटे एवढे पुरते. त्यानंतर चॅनेलमधला थर इतका सैल झालेला असतो की बिटाचे काम निम्म्यावर येते, कधीकधी ब्रशनेच भागते. पेट्रोल, थिनर किंवा अल्कोहोल त्या यंत्रात कधीही घालू नये. ज्वलनशील वाफेला तिथली एखादी ठिणगीही पुरेशी आहे.

व्हिनेगर काजळी सैल करते हे खरे, पण आम्लाला काजळी आणि पोलाद यांतला फरक कळत नाही. प्लग निस्तेज होतो आणि त्यावर बारीक खड्डे पडतात. कपडे धुण्याचे ब्लीच तर स्टेनलेस पोलादालाही पोखरते, आणि ते व्हिनेगरमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणाने क्षणात फेस येतो आणि सफाई झाल्याचे समाधान मिळते. काही तासांनी त्याच जागी तांबूस गंज दिसतो. प्लग ज्योतीवर तापवून काजळी जाळणे हा यांतला सर्वांत धोकादायक प्रकार आहे. पोलादाला दिलेले पाणी त्याने उतरते, आणि बाहेरून मात्र प्लग पूर्वीसारखाच दिसतो. नळीतला सगळा दाब ज्या तुकड्याने आपल्या चेहऱ्यापासून अडवायचा, त्याच्या बाबतीत एवढी जोखीम घेण्यासारखे काहीही नाही.

सफाई झाल्यावर प्लग पूर्ण कोरडा करावा. कान्यात राहिलेले पाण्याचे किंवा तेलाचे थेंब पुढच्या बाराला ओलावतात, म्हणून चॅनेलमधून अल्कोहोल लावलेला पाइप क्लीनर आणि मग कोरडा पाइप क्लीनर फिरवावा. उरलेले तेल जाळण्यासाठी रिकाम्या नळीवर एक प्राइमर फोडण्याची पद्धत प्रचलित आहे. जुन्या, निपल नावाच्या पोकळ खुंटीवर बसणाऱ्या स्फोटक टोपीवर चालणाऱ्या बंदुकीत ती ठीक आहे. २०९ प्राइमरच्या बाबतीत आपण नुकत्याच साफ केलेल्या चॅनेलवर पहिला थर आपणच चढवतो, म्हणून मी ती टाळतो. आट्यांना उच्च तापमान सहन करणारे अँटी-सीझ ग्रीस लावावे, पण आट्यांचा रंग खालून दिसेल इतके पातळ. स्टेनलेसचे आटे स्टेनलेसमध्ये कोरडे फिरवले तर ते एकमेकांना ओरबाडून जाम होतात. उलट ग्रीस जास्त झाले तर ते गरम होऊन प्लगच्या तोंडाकडे वाहते आणि कान्यात शिरते. तोंडावर ग्रीस लावू नये. नळीतले आतले आटे आणि प्लगची बैठकही त्याच वेळी पुसून घ्यावी. पुष्कळदा प्लग स्वच्छ असतो आणि बैठकीवरच्या जुन्या कड्यामुळे तो अर्धा वेढा बाहेर राहतो. प्लग हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे, पाना फक्त शेवटच्या किंचित आवळण्यापुरता. ओ-रिंग चिरलेली किंवा चपटी झाली असेल तर बदलावी, कारण प्राइमरभोवतीची गळती हे काजळीचे दुसरे उगमस्थान आहे.

किती वेळाने हे करावे? काळी दारू आणि क्षारयुक्त पर्याय वापरले असतील तर पाण्याची सफाई त्याच दिवशी; चॅनेलचा तपास मात्र कोणतीही दारू असली तरी प्रत्येक वापरानंतर. थर नवा असताना बिटाचे चार-पाच हलके वेढे पुरतात. तोच साचू दिला तर जोर लावावा लागतो, आणि जोराबरोबर पोलाद निघते. प्लग आट्यांत घट्ट बसला असेल तर हातोडीने पाना ठोकू नये. नळी रिकामी असल्याची खात्री करून दोन्ही बाजूंनी भेदक तेल सोडावे, रात्रभर ठेवावे आणि पूर्ण पकड असलेल्या पान्यानेच फिरवावा.

हे सगळे काढता येणाऱ्या प्लगविषयी झाले. टोनी नाइट यांच्या १९८५ सालच्या एमके-८५ नंतर इनलाइन बंदुका आणि त्यांचा काढता येणारा प्लग सर्वत्र रूढ झाला. त्याआधीच्या घडणीच्या चकमकीच्या किंवा टोपीच्या बंदुकीत प्लग नळीत कायमचा बसवलेला असतो. सफाईसाठी तो फिरवू नये, कारण एकदा हलवला की नळी, पट्टा (प्लगची दस्त्यात बसणारी मागची शेपटी) आणि काना यांची जुळणी पूर्ववत बसत नाही. तिथे टोपीची निपल काढून, नळीचे मागचे टोक गरम पाण्यात बुडवून, चिंधी लावलेल्या गजाने पाणी वरखाली ओढावे. हेन्री नॉक यांनी १७८७ मध्ये पेटंट घेतलेल्या ब्रीचच्या धर्तीवर ज्यांची मागची बाजू घडवलेली आहे, त्यांत नळीपेक्षा अरुंद अशी एक छोटी खोली असते आणि नळीच्या मापाची चिंधी तिच्यात पोहोचतच नाही. तिच्यासाठी लहान मापाचा, .२२ नळीचा ब्रश गजाला लावून त्यावर चिंधी गुंडाळावी आणि ती कोरडी, स्वच्छ बाहेर येईपर्यंत बदलत राहावी.